बोटाच्या आधी

१

"आमची श्रुतिका बटणांत दिवे लावते," असं आई लोकांना सांगायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, मी लग्नाच्या मांडवात रोषणाई करते. सुरुवातीला मी चिडायचे, लांबलचक समजावून सांगायचे. मग सोडून दिलं, कारण बाई खरंच बोलत होती. मी बटणांत दिवेच लावत होते.

फायटिंग गेमचं वेड असलेले लोक साध्या कंट्रोलरवर खूश नसतात. त्यांना मांडीवर घेऊन बसायचा चपटा डबा लागतो, पूर्वी व्हिडिओ गेमच्या पार्लरात असायचा तसा. डावीकडे दांडी, उजवीकडे आठ मोठी गोल बटणं. त्याला स्टिक म्हणतात. चारकोपच्या आमच्या रूमच्या पोटमाळ्यावर बसून मी अशा स्टिक बनवायचे. बटणं पारदर्शक घ्यायची आणि प्रत्येकाच्या पोटात एक एलईडी बसवायची. दाबलं की उजेड, सोडलं की अंधार. एवढंच. पण शेवटचा सोल्डर झाला, केबल लावली आणि पहिलं बटण दाबलं की मला इतका आनंद व्हायचा की मी एकटी असले तरी मोठ्याने हसायचे.

बाकीचे लोक दिव्यांसाठी वेगळं सर्किट लावतात, त्यात प्रोग्राम घालतात, रंग पळवतात. मला तो प्रकार कधी पटला नाही. प्रोग्राम म्हणजे मध्ये कुणीतरी बसलेला. माझ्या स्टिकमध्ये बटणाखालचा स्विच आणि दिवा एकाच वायरीवर. बोट बटण दाबतं, बटण स्विच दाबतं, स्विच दिवा लावतो. दिव्याने आपल्या मनाने लागावं असं मध्ये काही नाहीच. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

हर्षद माझा धाकटा भाऊ. कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर पार्सलं नोंदवायचा आणि उरलेला जीव गेमला द्यायचा. समोरचा काय करणार हे त्याला आधी कळायचं, पण हात केसभर मागे राहायचा. दरवेळी मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीतच साहेब घरी. यंदा मुलुंडच्या स्पर्धेतून एका जणाला तैवानला खेळायला पाठवणार होते. "ह्या वेळी हरलो ना, तर सोडतो," तो मला जिन्यात म्हणाला. "म्हातारा झालो यार ह्या खेळात." पंचविशी गाठलेल्या पोराच्या तोंडून हे ऐकून मी त्याची टिंगल करायला हवी होती. पण त्याचा आवाज थट्टेचा नव्हता. मी ठरवलं, याच्यासाठी आजवरची सगळ्यात भारी स्टिक बनवायची.

२

डबा बाबांनी केला. ओट्याखालच्या कपाटाचा तपकिरी सनमायका उरला होता, तो वर चिकटवला. बाबा, म्हणजे लवू, तरुणपणी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर इकडे प्लास्टिकच्या कारखान्यात लागले आणि आता घरी असतात. कोकणातलं गाव सोडून उभं आयुष्य झालं, पण देवाला गाऱ्हाणं घालायची त्यांची सवय सुटली नाही. आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू गाऱ्हाण्याशिवाय वापरत नाहीत. फ्रिजसमोर घातलंय, इन्व्हर्टरसमोर घातलंय. नारळ, विडा, अगरबत्ती ठेवायची आणि घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं देवाला काय हवं ते सरळ सांगायचं. प्रत्येक मागण्यानंतर हजर असतील त्या सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. हा होकार मोठा. तो दिला नाही तर मागणं पोचतच नाही, असं बाबा म्हणतात.

रविवारी सकाळी स्टिक पाटावर ठेवली. आम्ही चौघं हात जोडून उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली, "आज ह्या झिलान नवा यंत्र हातात घेतल्यान. तेका येस दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"झिलाचो हात मागे रवता…" मुलाचा हात मागे राहतो, इथवर येऊन बाबा अडले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "गो, नेमका काय मागूचा?"

मला हसू आवरत नव्हतं. "बोटाच्या आधी दिवा लागू दे म्हणा," मी म्हटलं.

हर्षदने मला कोपर मारलं. पण बाबा गाऱ्हाण्यात थट्टा धरत नाहीत. त्यांनी डोळे मिटले.

"तेच्या बोटाच्या आधी दिवो लागांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." आईने मनापासून म्हटलं, मी हसत हसत, आणि हर्षदने सगळ्यांत मोठ्याने.

३

स्टिक धावली. दुसरा शब्द नाही. हर्षद खाली टीव्हीसमोर बसला आणि पहिल्याच संध्याकाळी त्याने पार्ल्याच्या मुकुलला ऑनलाइन धुतलं. मुकुल त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, स्वतः हरला की दुसऱ्याचं कौतुक करणं त्याच्या जिवावर येतं. त्या दिवशी तो मला फोनवर म्हणाला, "काय घातलंयस तू त्यात? माझी मूव्ह सुरू व्हायच्या आत हा तिथे असतो."

"वायर घातलीय," मी म्हटलं. मी इतकी खूश होते की रात्रीच्या भाकऱ्या मी थापल्या. आईला धक्काच बसला.

मी पोटमाळ्यावर दुसऱ्या ऑर्डरीचं काम करत असे आणि खालून बटणांचा आवाज येत असे. मला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. आधी बोट बटणावर आपटतं, थप, आणि लगेच आतला स्विच वाजतो, टक. थपटक, थपटक. दोन्ही इतके चिकटून येतात की कानाला एकच वाटतात.

पुढच्या रविवारी माझा हात सोल्डरवर थांबला. खालून येणारा आवाज उलटा होता. टकथप. टकथप.

मी जिन्यावरून वाकून बघितलं. हर्षदची पाठ दिसत होती, टीव्हीचा उजेड दिसत होता. आई बाजूला बसून भाजी निवडत होती. "काय गो?" तिने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. दुपारची वेळ, वर पंखा, बाहेर कुणीतरी मसाला कुटत होतं. अशात कानाने उलटंसुलटं ऐकलं तर नवल नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि पुन्हा कामाला बसले.

टकथप.

४

माझ्याकडे फोन होता आणि फोनमध्ये स्लो मोशन होतं. उगाच कानावर कशाला भरवसा ठेवायचा? मी हर्षदच्या हाताशेजारी फोन टेकवून व्हिडिओ घेतला आणि वर जाऊन एकेक चित्र पुढे सरकवत बघितला.

रिकामं बटण. मग ते बटण खाली बसलं. आत दिवा लागला. आणि मग वरच्या कडेने हर्षदचं बोट आलं आणि आधीच दबलेल्या बटणावर अलगद टेकलं.

फोनचा कॅमेरा चित्र ओळीओळीने घेतो, वरची ओळ आधी, खालची नंतर. त्यात थोडं मागेपुढे होऊ शकतं. म्हणून मी फोन उलटा धरून पुन्हा घेतला. तेच. स्टिक उघडली, सगळे जोड मल्टिमीटरने तपासले. सगळे ठणठणीत. मधलं बटण काढून नवं कोरं लावलं. तेच. शेवटच्या व्हिडिओत तर बटण दबल्यावर बोट यायला इतका वेळ लागला की मध्ये मी पुटपुटले, "ये ना रे लवकर."

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, माझ्या अंगावर जो काटा आला तो आनंदाचा होता. कसं का होईना, माझ्या हातून जगात कुणाकडे नाही अशी वस्तू झाली होती, आणि ती माझ्या भावाच्या मांडीवर होती.

"तुला दिसतं का रे, दिवा आधी लागतो ते?" मी त्याला विचारलं.

"दिसतं की."

"मग?"

"मग काय, झकास." त्याचे डोळे चमकत होते. "आता डोकं चालवायलाच लागत नाही. दिवा लागतो, मी तिथे जातो."

"आणि नाही लागला तर?"

तो हसला. "लागतो ना गं. तू लावलायस."

मुलुंडची स्पर्धा होईपर्यंत काही बदलायचं नाही, असं मी ठरवलं. जिंकत्या वस्तूला कोण हात लावतो?

५

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टॅक्सीने आरे कॉलनीमार्गे निघालो. झाडांमुळे रस्ता अंधारलेला होता. स्टिक हर्षदच्या मांडीवर, बॅगेत, चेन लावून. केबल माझ्या पर्समध्ये होती. गोठ्यांच्या वळणावर बॅगेच्या चेनीच्या फटीतून मला उजेड दिसला, क्षणभर. हर्षदने हात उचलून काच खाली केली.

पानांमधून ऊन येत होतं. चेनीवर चमकलं असेल, असं मी म्हटलं. पण मग पुढचा सगळा रस्ता मी बॅगेकडे बघायचं टाळलं. पवईला तो घोटभर पाणी प्यायला, तेव्हा मी मुद्दाम बाहेर बघत होते.

हॉलमध्ये मात्र मी सगळं विसरले. एवढी गर्दी, एवढे पडदे, छातीत धडधडणारे स्पीकर. हर्षद पहिली फेरी जिंकला, दुसरी जिंकला. दुसरी जिंकल्यावर मी आणि मुकुल एकमेकांना मिठी मारून नाचलो. मग तो जिंकतच गेला. अंतिम फेरीला मी त्याच्या खुर्चीच्या अगदी मागे उभी होते. समोरच्या पोराच्या बटणांचा आवाज मला ऐकू येत होता, थपटक, थपटक. हर्षदचे दिवे लागत होते, आणि त्याचा हात त्यांच्या मागून जात होता, घाई न करता, न चुकता. लोक त्याचं नाव घेत होते. तो जिंकला तेव्हा माझा घसा बसला होता आणि गालांवर पाणी होतं.

आयोजकांची मुलगी चषक घेऊन आली. हर्षद बसूनच होता, दोन्ही हात स्टिकवर. तिने चषक पुढे केला, माइकवाला काहीतरी विनोद करत होता, फोटोवाले थांबले होते. हर्षद खाली मान घालून बटणांकडे बघत होता. "थकलाय बिचारा," मुकुल म्हणाला.

तेवढ्यात पुढच्या गेमच्या सामन्यांसाठी कुणीतरी स्टिकची केबल उपसून गुंडाळायला घेतली. ते टोक माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाच्या हातात लोंबत होतं. आणि स्टिकवरचं पहिलं बटण, कुणाचंही बोट नसताना, खाली बसलं आणि उजळलं.

हर्षद उभा राहिला, हसला आणि त्याने चषक घेतला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सणासारखं वातावरण होतं. बाबा नारळ आणि पेढे आणायला गेले होते. आईने हर्षदसमोर चहा ठेवला. चषक टीव्हीवर, स्टिक टीव्हीशेजारी.

"चाय निवली मां रे," आई म्हणाली.

हर्षद कपाकडे बघत होता. हात कपाशेजारी, टेबलावर उताणा. चेहऱ्यावर कालचंच हसू. मी त्याच्याकडे बघितलं, मग स्टिककडे. एका बटणात दिवा लागला. त्याने कप उचलला, घोट घेतला, खाली ठेवला आणि हात पुन्हा उताणा पडला.

मी स्टिक उचलून वर नेली. आता बस झालं. झाकण काढलं आणि कटरने दिव्यांच्या सगळ्या वायरी तोडल्या. आठही एलईडी काढून डबीत टाकल्या. मला हायसं वाटलं. दिवाच नाही तर लागणार काय?

खाली आले तेव्हा आई हर्षदचा खांदा हलवत होती. "झिला? अरे बाबू?" तो सरळ बसला होता. श्वास चालू होता, डोळे उघडे होते. पापणी लवत नव्हती. मी त्याचा हात उचलला आणि सोडला. तो टेबलावर आपटला आणि तसाच राहिला. मी त्याला चिमटा काढला, नावाने हाका मारल्या, थोबाडीतसुद्धा मारली. डोळ्यांत पाणी साचायला लागलं होतं, कारण ते मिटत नव्हते. पण त्या डोळ्यांच्या आत तो होता. माझ्याकडे बघत होता, वाट बघत होता.

मी वर कशी गेले ते मला आठवत नाही. सोल्डरगन तापायला जो वेळ लागतो तो मी दातांत ओढणी धरून काढला. आयुष्यभर हे काम केलंय, पण वायर दिव्याच्या पायाला टेकेना. रडतच एकेक दिवा परत लावला. शेवटचा जोड होताना केबल लावलेली नव्हती, झाकण बाजूला पडलं होतं. मी डोळ्यांनी बघितलं, उघड्या डब्यात पहिल्या बटणाचा दांडा खाली सरकला आणि स्विच वाजला. टक.

खालून कपबशीचा आवाज आला.

"चहा पार थंड झालाय गं आई," हर्षद म्हणाला.

७

बाबा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पेढ्यांचा पुडा कपाटावर ठेवला. हातपाय धुऊन पाट मांडला, त्यावर स्टिक ठेवली, विडा ठेवला, अगरबत्ती लावली. "माणसान मागलेला माणसान परत देवचा," एवढंच म्हणाले.

दारं-खिडक्या उघड्या होत्या. ऊन थेट पाटापर्यंत आलं होतं आणि शेजारच्या कुंदामावशीकडे कुकरच्या शिट्या होत होत्या. आम्ही चौघं उभे राहिलो. हर्षद सगळ्यांच्या नंतर उठला.

"बा देवा म्हाराजा," बाबांचा आवाज फाटला, मग सावरला. "आमका कळाक नाय. आमी खुळ्यासारख्या मागलांव. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल. तुझो दिवो तुझ्याकडे घे, आणि माझ्या झिलाचो हात माझ्या झिलाक परत दी रे म्हाराजा…"

आता आमचा होकार. तो गेला की सुटलो. मी तो कधीपासून तोंडात धरून ठेवला होता, नुसते ओठ उघडायचा अवकाश होता. मला म्हणायचं होतं. माझ्या भावासाठी मला ते जगातल्या सगळ्यांच्या आधी म्हणायचं होतं.

कुणीच बोललं नाही.

मी आईकडे बघितलं. तिचे ओठ किंचित विलग होते आणि नजर पाटावर होती. बाबांचे हात जोडलेले, नजर पाटावर. अगरबत्तीची राख लांबत गेली आणि गळून पडली. कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मी स्वतःला सांगत होते, बोल, बोल गं, नुसता शब्दच तर आहे. आणि माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा बटणाकडे बघतेय.

टक.

उन्हात तो दिवा फिकट दिसला.

"होय म्हाराजा," आम्ही चौघंही एकदम म्हणालो.

मग नारळ वाढवायचा होता. तो बाबांच्या पायाशीच होता. त्यांनी तो उचलला नाही. आम्ही सगळे दुसऱ्या बटणाकडे बघत उभे होतो.